एसी दुपारी गार करत नाही : गॅस, पीसीबी की तिसरंच काही? आणि दुरुस्तीला किती पैसे जावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी : घर जुळे सोलापुरात, वरचा मजला. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, सहा वर्षांचा, आर-३२ गॅसचा, आउटडोअर युनिट गच्चीवर. दुपारी बारा ते पाच खोली गार होत नाही, मध्येच नुसता वारा येतो. रात्री अकरानंतर मात्र पांघरूण घ्यावं लागतं. गेल्या मे महिन्यात गॅस भरून झालाय. आता एक मेकॅनिक पुन्हा गॅससाठी ३,५०० रुपये सांगतोय, दुसरा पीसीबीसाठी, म्हणजे आउटडोअरमधल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी, ९,५००, आणि शेजारी म्हणतात हा काढा, नवीनच घ्या. यातला योग्य खर्च कोणता, असं तुम्ही विचारलंय.

दर दोन्ही वाजवी आहेत. दीड टनाच्या आर-३२ एसीत पूर्ण गॅस भरायला अडीच ते चार हजार लागतात आणि इन्व्हर्टरचा आउटडोअर बोर्ड नवा घातला तर मॉडेलप्रमाणे सहा ते बारा हजार जातात. अडचण दरात नाही, निदानात आहे. दोघांपैकी कोणीही दोष मोजून दाखवलेला नाही. दोष तिथे नसेल तर ३,५०० काय आणि ९,५०० काय, दोन्ही पाण्यात. म्हणून आधी यंत्राला काय झालंय ते बघू, मग पैशाकडे वळू.

तुमच्याच वर्णनात सगळ्यात मोठा धागा आहे : रात्री चालतो, दुपारी चालत नाही. एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायचं काम आउटडोअर युनिटचं. एसीवर लिहिलेला टनाचा आकडा बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना मोजलेला असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये सावलीतलाच पारा ४२-४३ पर्यंत जातो. तापलेल्या गच्चीवर, स्लॅबच्या फूटभर वर हवा त्याहून चार-पाच अंश गरम असते. म्हणजे तुमचं आउटडोअर ४७ अंशांची हवा ओढतंय आणि त्याच हवेत उष्णता टाकायचा प्रयत्न करतंय. मशीन उत्तम असलं तरी अशा वेळी दीड टनाचा एसी पुरता दीड टन देत नाही, साधारण दहा-पंधरा टक्के कमीच देतो. त्यात आउटडोअरची जाळी (कंडेन्सर) धुळीने भरलेली असेल तर आतला दाब चढतो, कंप्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचे, ॲम्पिअर चढतात आणि इन्व्हर्टर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो किंवा कंप्रेसर थांबवतो. इनडोअरचा पंखा फिरत राहतो, म्हणून तुम्हाला ‘नुसता वारा’ लागतो. सात-दहा मिनिटांनी तो परत सुरू होतो. रात्री बाहेर ३० अंश झाले की तोच एसी गुणी होतो.

आता पीसीबी. बोर्ड पुरता गेला असता तर रात्रीही चालला नसता. मात्र एक अपवाद आहे, तो लपवणार नाही : बोर्डावरचा एखादा सोल्डरचा जोड तडकलेला असेल किंवा कपॅसिटर कमजोर झाला असेल, तर बोर्ड तापल्यावर बंद पडतो आणि गार झाल्यावर चालतो. पण आधी हे बघा की बोर्ड तापतोय का आणि कशामुळे. इन्व्हर्टर बोर्डाच्या पाठीला ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो आणि आउटडोअरच्या पंख्याच्या हवेवरच तो गार राहतो. जाळी चोंदली की हवा कमी, हीटसिंक गरम आणि बोर्डाचं संरक्षण चालू. अशा वेळी नवा बोर्ड घातला तरी तोही दुपारी दोनला थांबणार. म्हणून बंद पडेल त्या क्षणी इनडोअरच्या डिस्प्लेवर कोणता कोड येतो, किंवा आउटडोअर बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो, याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात, पण जाणकार माणूस त्यावरून ‘तापमान’, ‘जादा करंट’ की ‘इनडोअर-आउटडोअर संपर्क तुटला’ एवढं तरी ओळखतो. संपर्क तुटल्याचा कोड असेल तर बोर्डाआधी दोन्ही युनिटमधली वायर तपासायची. गच्चीवर उंदीर ती कुरतडतात आणि काम दोन-चारशे रुपयांत आटोपतं. बोर्डात पाल किंवा मुंग्या गेल्याने फ्यूज आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज थोपवणारा भाग) उडणं हेही नेहमीचं. तशी दुरुस्ती हजार-दीड हजारात होते. सुटे भाग बदलून बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर असतात, दोन ते साडेचार हजारांत काम होतं. नवा बोर्ड हा शेवटचा उपाय.

गॅसबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वात जास्त पैसा इथेच वाया जातो.

एसीतला गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. घरातल्या फ्रिजमध्ये दहा-पंधरा वर्षं तोच गॅस असतो. एसीत गॅस कमी झाला याचा एकच अर्थ : कुठेतरी गळतंय. गेल्या मे महिन्यात भरलेला गॅस यंदा कमी निघाला, तर गळती गेल्या वर्षी शोधलीच नव्हती. ती न शोधता परत भरलात तर पुढच्या मे महिन्यात तिसऱ्यांदा भराल. तीन उन्हाळ्यांचे मिळून दहा-बारा हजार होतात. मेकॅनिकला सरसकट दोष द्यायचं कारण नाही. मे महिन्यात त्याच्याकडे दिवसाला दहा फोन असतात, गिऱ्हाईक म्हणतं ‘आत्ताच्या आत्ता गार करून दे’, आणि गळती शोधायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ देणारं आणि त्याचे पैसे देणारं गिऱ्हाईक त्यालाही हवं असतं.

गॅस खरंच कमी आहे का, हे बरंचसं तुम्हीच बघू शकता. आउटडोअरच्या बाजूला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात, त्यांना एक जाड आणि एक बारीक नळी जोडलेली असते. एसी १६-१८ अंशांवर, पंखा जोरात, असा वीस मिनिटं चालवा आणि मग बघा. गॅस पुरेसा असेल तर दोन्ही नळ्या हाताला थंड लागतात. गॅस कमी असेल तर बारीक नळीच्या नटावर पांढरं बर्फ धरतं आणि जाड नळी कोमट, कोरडी राहते. दोन्ही नळ्यांवर, आणि आत कॉइलवरही, बर्फ धरलं असेल तर उलट अर्थ : गॅस आहे, पण इनडोअरमधून हवा जात नाही. फिल्टर किंवा कॉइल चोंदली आहे किंवा ब्लोअरवर धुळीचा थर बसलाय. तिथे गॅस भरला तर बिघाड वाढतो. नटाभोवती काळपट तेलकट डाग दिसला तर गळती तिथेच आहे असं जवळजवळ धरून चाला. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटते.

‘ड्रेनच्या पाइपातून पाणी कमी पडतंय, म्हणजे गॅस कमी’ हा निष्कर्ष सोलापुरात एप्रिल-मेमध्ये चालत नाही. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी ठणठणीत असते. तिच्यात ओलावाच नसेल तर कॉइलवर पाणी धरणार कुठून? तोच एसी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, बादलीभर पाणी काढतो. जाड नळीला घाम नाही म्हणून गॅस कमी, हेही याच कारणाने फसवं आहे. हाताने थंडावा बघा, ओल बघू नका.

एक मोजमाप मात्र जरूर करा. दोनशे-तीनशे रुपयांत वायर असलेला डिजिटल थर्मामीटर मिळतो. इनडोअरच्या वर, जिथून हवा आत ओढली जाते, तिथलं तापमान घ्या आणि खाली पाती आहेत तिथून निघणाऱ्या हवेचं घ्या. मघाच्याच सेटिंगवर वीस मिनिटांनी दोन्हींत दहा अंश किंवा जास्त फरक असेल तर गारवा तयार होतोय. सातच्या आत असेल तर काहीतरी बिघडलंय. हे दुपारी अडीचला आणि रात्री अकराला, दोनदा मोजा. गॅस थोडा कमी असला तरी रात्री भार कमी असल्यामुळे खोली गार होते, त्यामुळे ‘रात्री पांघरूण लागतं’ यावर विसंबू नका. आकडा बघा.

गळती निघालीच तर काम कसं व्हायला हवं, ते माहीत असू द्या. उरलेला गॅस काढून सिस्टीममध्ये कोरडा नायट्रोजन साधारण ३०० पीएसआय दाबाने भरतात. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड, व्हॉल्व्ह आणि कॉइलची वळणं बघतात, मग गेज बंद करून किमान अर्धा-एक तास काटा हलतो का ते पाहतात. नायट्रोजनऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. आर-३२ हा मंद का होईना पण पेट घेणारा गॅस आहे, म्हणून नळ्या रिकाम्या केल्याशिवाय त्यांना ज्योत लावायची नाही. गळती फ्लेअर नटाला (नळीचं पसरवलेलं तोंड घट्ट धरणाऱ्या नटाला) असेल तर नळीचं तोंड कापून नवं फ्लेअर काढतात. हे सर्वात स्वस्त, पाचशे-सातशे. नळीला किंवा कंडेन्सरच्या जोडाला असेल तर ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून जोड, आठशे ते दीड हजार. इनडोअर कॉइलमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडली असतील तर एक बुजवली की महिन्याभरात दुसरं फुटतं. तिथे डाग देण्यात अर्थ नाही, कॉइल बदलावी लागते आणि पाच ते नऊ हजार जातात. गटार, संडासाची डक्ट किंवा नाल्याजवळच्या एसीत हे लवकर होतं. तिथल्या वायूने तांबं खाल्लं जातं.

दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालला पाहिजे. एसीच्याच कंप्रेसरने हवा ओढून काढणे किंवा थोडा गॅस सोडून नळी ‘धुणे’ म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. नळ्यांत ओलावा राहिला की नव्या गॅसबरोबर चालणाऱ्या तेलात आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांनी कंप्रेसरचं वाइंडिंग जातं. तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. मग गॅस भरायचा तो वजनकाट्यावर. तुमच्या आउटडोअरच्या पाटीवर ‘आर-३२, ०.७५ किलो’ असा काहीतरी आकडा छापलेला असेल, बहुतेक दीड टनांत तो पाऊण ते एक किलोच्या आसपास असतो. सिलिंडरचं वजन आधी किती होतं, नंतर किती उरलं, हे काट्यावर तुमच्या डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. इन्व्हर्टरमध्ये कंप्रेसरचा वेग सारखा बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवर अंदाजाने भरलेला गॅस दुपारी जास्त आणि रात्री कमी वाटतो. जास्त भरला गेला तर दुपारचा दाब आणखी चढतो. गेल्या वर्षी तसं झालं असेल तर आजची तक्रार त्यातूनही आलेली असू शकते.

आता आउटडोअरची सफाई, कारण तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय तिथेच आहे. आपल्याकडे रस्त्याची धूळ आहेच. भवानी पेठ, विडी घरकुल, अक्कलकोट रोड या यंत्रमागाच्या भागात तर सुताची उडणारी लव जाळीवर नमद्यासारखी बसते. वरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे बोटभर थर असतो. तिथे वर्षातून एकदा नव्हे, दोन-तीनदा धुवावं लागतं. धुताना पत्रा उघडून आतून बाहेर पाणी मारायचं, बोर्डावर प्लॅस्टिक बांधायचं, आणि जेट पंप जाळीला सरळ व थोडा लांबून धरायचा. तिरका धरला की ॲल्युमिनियमच्या पाकळ्या वाकतात आणि हवेची वाट बंद होते. ‘ॲसिड वॉश’ नको, त्याने पाकळ्याच झडतात. पाणी रोज येत नाही हे मान्य, पण या कामाला नळाचं वीस-पंचवीस लिटर राखून ठेवा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं. गरम जाळीवर ते वाळलं की पांढरी पुटं धरतात आणि ती निघत नाहीत. याच कारणाने आउटडोअरवर दुपारी पाणी शिंपडायचा किंवा ओलं पोतं टाकायचा उपाय करू नका. दोन दिवस बरं वाटतं, दोन उन्हाळ्यांत कंडेन्सर जातो. इनडोअर-आउटडोअर मिळून अशा सर्व्हिसिंगला सहाशे ते नऊशे रुपये पडतात.

सावली करायची असेल तर युनिटच्या दोन-अडीच फूट वर ग्रीन नेट किंवा पत्रा, पण पुढून किमान तीन-चार फूट आणि मागून वीतभर मोकळी जागा ठेवूनच. चोरीच्या भीतीने चारी बाजूंनी पिंजरा करून वर पत्रा ठोकलेला अनेक ठिकाणी दिसतो. त्यात युनिट स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. लोखंडी स्टँडवर दीड-दोन फूट उचलून घेतलं तरी स्लॅबच्या झळांतून ते सुटतं. आणि तुमचा वरचा मजला आहे हे विसरू नका. जुन्या माळवदाच्या घरात मातीचा जाड थर ऊन वरच थोपवायचा. आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत खाली ओततो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा नुसता चुना दिला तरी दुपारचा भार कमी होतो. मशीन निर्दोष निघालं तर पैसा इथेच घाला.

इतर भागांचे दरही लिहून ठेवा. दीड टनासाठी, बाहेरच्या चांगल्या मेकॅनिकचे हे अंदाजे आकडे आहेत. कंपनीच्या सेंटरचे सव्वा ते दीडपट धरा, आणि मॉडेलप्रमाणे फरक पडतो. साध्या, म्हणजे बिनइन्व्हर्टर एसीत ‘कंप्रेसर हूं करून थांबतो’ अशी तक्रार असेल तर आधी कपॅसिटर बघायचा, चारशे-सातशेत काम होतं. त्याऐवजी ‘कंप्रेसर गेला’ म्हणणाऱ्याला मीटरने वाइंडिंग मोजून दाखवायला सांगा. सेन्सर तीनशे-सहाशे, पंख्याची मोटर दोन ते साडेतीन हजार, कंप्रेसर गॅस-मजुरीसह दहा ते सोळा हजार. व्हिजिट चार्ज तीनशे-पाचशे. तो वेगळा द्या आणि आनंदाने द्या. तपासणीचे पैसे मिळाले की माणसाला भाग विकण्याची घाई राहत नाही. एक भाग फुकटात तपासायचा राहिला : एसीची पिन आणि सॉकेट. वापरानंतर पिन हाताला चटका देत असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल, तर तिथे जोड सैल आहे. भर दुपारी व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, त्यात हा सैल जोड. दोनशे रुपयांचं १६ अँपिअरचं नवं सॉकेट बसवा.

नवीन घेण्याबद्दल. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. तरी दीड टनाचा बरा इन्व्हर्टर पस्तीस ते पंचेचाळीस हजारांना पडतो, वर स्टँड, जादा कॉपर नळी आणि बसवणावळ मिळून तीन-चार हजार. आणि तो त्याच तापलेल्या गच्चीवर, त्याच जागी बसणार. माझा आडाखा असा : आठ वर्षांच्या आतलं मशीन आणि खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत, तर दुरुस्त करा. दहा वर्षांपुढचं, जुन्या आर-२२ गॅसचं, आणि कॉइल किंवा कंप्रेसर गेलेलं असेल तर पैसे घालू नका. मधल्या केसमध्ये रोज किती तास चालतो त्यावर ठरतं. तुमचा सहा वर्षांचा आहे. वॉरंटी कार्ड शोधा, अनेक कंपन्या इन्व्हर्टर कंप्रेसरला दहा वर्षं देतात. गॅस आणि मजुरी मात्र बहुधा त्यात धरलेली नसते, फोनवर आधीच विचारून घ्या.

तर या आठवड्यात आधी नीट सर्व्हिसिंग करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी व रात्री तापमानाचा फरक मोजा. दोन्ही वेळा दहाच्या वर आला आणि एसी मध्येच थांबणं बंद झालं, तर आठशे रुपयांत सुटलात. यापुढे गड्ड्याची जत्रा उठली की, म्हणजे फेब्रुवारीतच, सर्व्हिसिंग उरकत जा. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो. फरक चांगला पण दुपारी अजूनही थांबतोय, तर कोडचा व्हिडिओ घेऊन बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे जा. मेकॅनिकला हीटसिंकमागची धूळ आणि आउटडोअर पंख्याचा वेगही बघायला सांगा, आणि गेल्या वर्षी गॅस अंदाजाने भरला असेल तर तो काढून पाटीवरच्या वजनाप्रमाणे पुन्हा भरून घ्या. आणि दोन्ही वेळा सातच्या आत, बारीक नळीवर बर्फ, तर फोनवर एवढंच सांगा : “गॅस भरायचा नाही, लिकेज काढायचंय. नायट्रोजन, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा घेऊन या, अर्धा दिवस लागला तरी चालेल.” त्याला चार ते साडेपाच हजार लागतील. बिलावर गळती कुठे सापडली, किती ग्रॅम गॅस गेला आणि त्या जोडाची किती महिन्यांची हमी, हे लिहून घ्या.